मधला खांब

“सिलिंडर कोण घेणार?” हुद्दारबाईंनी विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

रविवारची सकाळ होती. कालव्याच्या काठाकाठानं जाणारा नवा सायकलमार्ग तयार झाला होता आणि त्याच्या तोंडाशी आमच्या समितीची सभा भरली होती. सभा म्हणजे आम्ही मोजकी माणसं, आमच्या सायकली आणि रस्त्यावर मांडून ठेवलेलं सामान. त्यात रिकामा गॅस सिलिंडर होता, दळणाचा डबा होता, भाजीच्या दोन जड पिशव्या आणि टम्म फुगलेलं शाळेचं दप्तर होतं.

“सिलिंडर तात्यांना द्या,” कौस्तुभ म्हणाला. “त्यांची सायकल मजबूत आहे.”

“सायकल मजबूत आहे रे, तात्या कुठं मजबूत आहे?” तात्या शेलार म्हणाले. त्यांचं बाजारपेठेत सायकलींचं दुकान होतं. कौस्तुभ शर्यतीत भाग घेणाऱ्यांपैकी. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्या सायकलला कॅरिअरच नव्हतं, त्यामुळे दरवेळी दप्तर त्याच्या पाठीवर यायचं.

“कॅरिअर नसणं ही तुझी सवलत नाही, कौस्तुभ,” बाई म्हणाल्या. “आज पिशव्या हँडलला अडकव.”

हा बाईंचाच नियम होता. आमची समिती महापालिकेची, ‘सायकल सल्लागार समिती’ असं लांबलचक नाव असलेली. पण बाईंनी अध्यक्षपद घेतलं तेव्हाच सांगून टाकलं होतं की सभा महापालिकेच्या हॉलमध्ये होणार नाही, ज्या रस्त्याची चर्चा त्या रस्त्यावर होईल. आणि प्रत्येक सदस्यानं ओझं घेऊन तो रस्ता चालवल्याशिवाय समिती कशालाही मान्यता देणार नाही. त्या याला ‘ओझ्याची फेरी’ म्हणायच्या. मोकळ्या हातानं सायकल चालवणाऱ्याला रस्त्यातला खड्डा दिसतो, पण चढ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलींच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेलं. प्रयोग केल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वासच बसत नसे.

मी समितीत आले ती मैथिलीच्या हनुवटीमुळे. मैथिली माझी मुलगी, तेव्हा पाचवी संपवून सहावीत जाणारी. आदल्या वर्षी ती फुटपाथच्या कडेनं सायकल चालवत होती, तेवढ्यात सिग्नल चुकवायला फुटपाथवर चढलेल्या मोटारसायकलनं तिला उडवलं. हनुवटीला टाके पडले. टाके सुकले, माझी भीती काही सुकली नाही. पुढं कित्येक महिने ती सायकलवर असली की मी मागून स्कूटरवर. “आई, तू पोलिसांच्या गाडीसारखी येतेस,” ती वैतागून म्हणायची. मी तक्रार घेऊन महापालिकेत खेटे घालत होते, तिथल्या जिन्यात हुद्दारबाई भेटल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तक्रार करून दमलीस की समितीत ये.”

समितीत माझं मागणं एकच होतं. कालव्याचा मार्ग मैथिलीच्या शाळेपाशी संपत होता. त्यावर मोटारसायकल चढता कामा नये. कौस्तुभला खांब नको होते. म्हणायचा, वेगात येणारा सायकलवाला आपटेल. पण समितीत बाईंचा आणखी एक नियम होता: एकानं जरी नाही म्हटलं तरी निर्णय होत नाही, बोलत राहायचं. मी नाही म्हणत राहिले. शेवटी बाईंनी शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली, शाळेच्या आवारात दोन उंच स्टुलांमधून ती ढकलायला लावली, आणि हँडल अडकेपर्यंत स्टुलं जवळ आणत नेली. मग त्याच फटीतून तात्यांच्या दुकानातल्या झाडून सगळ्या सायकली काढून पाहिल्या. तेवढ्या अंतरावर मार्गाच्या दोन्ही तोंडांशी छातीएवढे तीन-तीन लोखंडी खांब आले. नगरसेवक चिडले, मोटारसायकलवाले चिडले, बाई ढिम्म. त्या खांबांकडे बघून मला रात्री झोप लागायला लागली होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या रविवारी शेवटची फेरी होती. सोमवारी महापौरांच्या हस्ते उद्घाटन, मंगळवारी शाळा सुरू. मंगळवारी मैथिली पहिल्यांदा एकटी जाणार होती.

आम्ही सगळे ओझी घेऊन गेलो, आलो. तात्यांनी सिलिंडरसकट वळण घेतलं तेव्हा बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. महापालिकेच्या उपअभियंता शुभांगी वाघचौरे बाजूला उभ्या होत्या. बाईंच्याच एके काळच्या विद्यार्थिनी.

“झालं ना बाई आता?” त्या म्हणाल्या. “पास की नापास?”

“पास,” बाई म्हणाल्या. “पहिल्या वर्गात.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “जरा बाजूला होता का? मला जाऊन बघायचंय.”

हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर एक मुलगी बसली होती. विशीच्या आतबाहेर असेल. हिरवी ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला घट्ट खोचलेली, मागच्या जाळीत कॉलेजची सॅक. आम्ही बाजूला झालो. ती खांबांपर्यंत आली आणि थांबली. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. मग आमच्याकडे वळली.

“पेपरात आलं होतं, सायकलींसाठी रस्ता झाला म्हणून.”

“हो,” कौस्तुभ म्हणाला.

“मग तीन चाकांना सायकल म्हणत नाहीत का तुमच्यात?”

बाई पुढं झाल्या. त्यांनी त्या मुलीच्या चाकापासून चाकापर्यंत पाहिलं, मग खांबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी एरवी कधी असा पाहिला नव्हता. फळ्यावर गणित सोडवून झाल्यावर पहिल्याच ओळीतली चूक दिसावी तसा.

“तुझं नाव काय ग?”

“तबस्सुम मुल्ला. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.”

“कॉलेजला कुठून जातेस?”

“मोठ्या रस्त्यानं. दुसरा आहे कुठं?” तिनं हाताचं पॅडल उगाच मागेपुढे केलं. “ट्रकवाल्यांना मी दिसत नाही. इतक्या खाली बसलेलं माणूस त्यांच्या आरशात येतच नाही. म्हणून मी गाणी म्हणत जाते, मोठमोठ्यानं. लोकांना वाटतं, डोक्यावर परिणाम झालाय.”

तात्या हसले. ती हसली नाही, मग तेही थांबले.

“शुभांगी,” बाई म्हणाल्या, “कटर घेऊन माणूस बोलाव. मधला खांब काढायचा. दोन्ही तोंडांचा.”

“बाई!” शुभांगी मॅडम जवळजवळ ओरडल्या. “उद्या उद्घाटन आहे. फीत त्याच खांबांना बांधायचीय. काम पूर्ण झालं म्हणून मी सही करून बसलेय. आता काय सांगू वर?”

“सांग, हुद्दारबाईंचं चुकलं.”

“असं कुणी सांगतं का?”

“मग मी सांगते. उद्या माझं भाषण आहेच.”

“आधी उद्घाटन होऊ दे. मग यांचा अर्ज येऊ दे, आपण विचार करू…”

“शुभांगी, तू नववीत प्रयोग चुकला की उत्तर आधी लिहायचीस आणि निरीक्षणं मागाहून जुळवायचीस. अजून तेच करतेयस.”

शुभांगी मॅडमनी कपाळाला हात लावला. कौस्तुभ मात्र गंभीर झाला होता. “पण बाई, आपण इतकी ओझी नेली. सिलिंडर नेला, दळण नेलं. इतक्या फेऱ्या केल्या.”

“नेलं रे. पण सगळं दोन चाकांवर. आपल्याला सायकल म्हटलं की दोनच चाकं दिसतात.” त्या आमच्याकडे वळल्या. “नियमाप्रमाणे विचारते. तात्या?”

“काढा.”

“कौस्तुभ?”

“मला खांब तसेही नकोच होते.”

“शर्वरी?”

माझ्या हातात मैथिलीचंच दप्तर होतं. फेरीसाठी मी दरवेळी तेच आणायची. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या एका ‘नाही’नं ते खांब उभे राहिले होते आणि एका ‘नाही’नं ते तसेच राहू शकत होते, हे प्रत्येकाला माहीत होतं. तबस्सुम सोडून.

“बाई, मधला खांब गेला तर मोटारसायकल आत येणार,” मी म्हटलं.

“येणार,” बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या समजूत घालतील. येणार नाही म्हणतील, पाटी लावू म्हणतील, लोक आता शहाणे झालेत म्हणतील.

“कधी ना कधी येणारच,” त्यांनी पुन्हा सांगितलं.

“मग मैथिली? परवा ती एकटी जाणार आहे. हिच्यासाठी वाईट वाटतंय मला, खरंच वाटतंय. पण माझ्या मुलीला टाके पडलेत, बाई. मी ते पाहिलंय.”

तबस्सुमनं माझ्याकडे पाहिलं. मग पॅडल फिरवून ती सायकल वळवायला लागली. “जाऊ द्या ताई. भांडू नका. मी आपली जाते मोठ्या रस्त्यानं. इतकी वर्षं जातेच आहे.” आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तू थांब,” बाई तिला म्हणाल्या, तशी ती थांबली. नववीचा अख्खा वर्ग थांबला असता. मग त्या माझ्याजवळ आल्या. “शर्वरी, तुझी मुलगी मला दिसली, म्हणून खांब आले. ही मला दिसली नाही. चूक माझी. ती दुरुस्त करताना भार तुझ्या मुलीवर पडू नये, हे तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. म्हणून खांबाच्या जागी मी उभी राहीन.”

“म्हणजे?”

“म्हणजे उभी राहीन. शाळा भरताना आणि सुटताना. या तोंडाशी मी, त्या तोंडाशी तात्या.”

“मला विचारलंत का?” तात्या म्हणाले.

“आता विचारते. राहाल?”

“राहतो. दुकान कुठं पळून जातंय.”

“रोज?” मी विचारलं.

“रोज.”

“किती दिवस?”

“तुझी भीती जाईपर्यंत.”

“मग बाई शंभरी गाठणार!” तात्या म्हणाले आणि सगळे एकदम हसले. शुभांगी मॅडमसुद्धा. तबस्सुमही हसली. मीच हसले नाही, पण बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. बाई गंमत करत नव्हत्या. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि रोज उभं राहीन म्हणत होती. आणि मला पक्कं ठाऊक होतं की राहील.

“काढा,” मी म्हटलं.

दुपारी कटर आला. ठिणग्या उडत होत्या तेव्हा तबस्सुम कानांवर हात ठेवून बघत होती. खांब पडल्यावर ती आत गेली, अर्ध्यापर्यंत जाऊन परत आली, आणि म्हणाली, “आत गाणी म्हणायची गरज नाही. पण म्हणणार.”

दुसऱ्या दिवशी फीत उरलेल्या दोन खांबांना बांधली. महापौरांनी ती कापली, बाईंच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, आणि माईक त्यांच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, “दूरदृष्टीचं माहीत नाही. जवळचं नीट दिसलं नाही, एवढं खरं. इथं काल एक खांब होता. तो मी लावायला लावला आणि तो चुकीचा होता. पालिकेच्या अभियंत्यांची त्यात काही चूक नाही. आता मार्ग सगळ्या सायकलींसाठी उघडा आहे. मोटारसायकलवाल्यांना विनंती आहे, आत येऊ नका. विनंती ऐकली नाहीत तर मी इथंच आहे.” महापौरांना टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. शुभांगी मॅडम मात्र मान खाली घालून वाजवत होत्या, आणि थांबत नव्हत्या. पेपरात दुसऱ्या दिवशी बातमी आली ती ‘उद्घाटनाआधीच तोडफोड’ अशी.

बातमी मी चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला. मैथिली बूट घालत होती. मी तिच्या सायकलचे ब्रेक दाबून पाहिले, मग पुन्हा दाबून पाहिले.

“आई, झिजतील ते,” ती म्हणाली.

कालव्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले, एवढंच आमचं ठरलं होतं. बाई आधीच उभ्या होत्या. कापलेल्या खांबाच्या बुंध्यापाशी, हातात मिटलेली छत्री. मैथिलीनं त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या शेजारून आत गेली. तिच्या पाठोपाठ तबस्सुम आली. बाई बाजूला सरकल्या, ती गेली, बाई परत जागेवर.

आणि तेव्हाच दोन मोटारसायकली आल्या. पहिलीवरचा थांबला. “आजी, दोन मिनिटांचं काम आहे, पलीकडं जायचंय फक्त.”

“पलीकडं मोठा रस्ताही जातो.”

“अहो, तिकडं ट्रॅफिक किती आहे!”

“म्हणूनच मुलं इकडून जातात.”

तो हुज्जत घालत होता. बाई त्याच्याशी बोलत एक पाऊल पुढं आल्या, आणि त्यांच्या पाठीमागून दुसरा सटकन आत शिरला. मी पाहिलं. बाईंनीही पाहिलं, पण वळेपर्यंत तो गेलाही होता.

मी पळत सुटले. साडी नव्हते नेसले हे नशीब. एका बाजूला कालव्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला भिंत. समोर तो, त्याच्या पुढं तबस्सुम, आणि खूप पुढं मैथिलीचं निळं दप्तर. त्यानं हॉर्न वाजवला. तबस्सुम मार्गाच्या मधोमध चालली होती. त्यानं पुन्हा वाजवला, आता हात न काढता. तबस्सुमनं ब्रेक दाबला आणि सायकल जराशी तिरकी करून उभी केली. मार्गच बंद झाला.

“ए, बाजूला घे!”

“कुठं घेऊ? कालव्यात?”

“पुढं तरी चल मग.”

“चालतेय की. माझ्या चालीनं. घाईत आहेस होय?” तिनं मान वळवून त्याला नीट पाहिलं. “माझी सायकल मागं येत नाही, भाऊ. तुझी येते का बघ.”

त्याला गाडी वळवायला जागा नव्हती. तो चिडला, काहीबाही बोलला, इंजिन गुरगुरवलं. तबस्सुमनं सॅकमधून डबा काढला आणि मांडीवर उघडला. पोहे होते. ती खायला लागली.

मी धापा टाकत तिथवर पोचले होते. मला पाहून तिनं डबा पुढं केला. “घ्या ताई.”

शेवटी त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडीवर बसूनच, पाय टेकत टेकत, मागं मागं जायला लागला. सगळा मार्ग उलटा. तोंडाकडून आणखी शाळकरी मुलं येत होती. सायकली भिंतीला टेकवून ती त्याला वाट करून देत होती आणि खिदळत होती. तोंडाशी हुद्दारबाई उभ्या होत्या. त्यांनी छत्रीनं त्याला दिशा दाखवली. “सावकाश. मागं बघ. डावीकडं घे थोडं. हां, शाब्बास.”

मी परत त्यांच्यापाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, “मी एकाला अडवलं, दुसरा गेला.”

“हो.”

“एकीनं भागत नाही इथं. उद्या कौस्तुभला बोलावते.”

बास, एवढंच. सबब सांगितली नाही, पायाचं दुखणं काढलं नाही. छत्री बगलेत धरून त्या पुन्हा जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. शाळा सुटायच्या वेळी मी लांबूनच पाहून आले तेव्हाही त्या होत्या. त्या वर्षी त्या रोज होत्या. कौस्तुभ आला, मग मी, मग शाळेतल्या इतर मुलांचे आईवडील पाळीपाळीनं. तात्यांचा शंभरीचा विनोद कधी जुना झाला नाही. मोटारसायकली येत राहिल्या, पण कमी कमी. तो खांब पुन्हा कुणी मागितला नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या मंगळवारी संध्याकाळी मैथिली घरी आली, सायकल भिंतीला लावली, आणि पाणी प्यायला आत गेली. मी दारातच उभी होते. सकाळपासून डोळ्यांपुढून ते निळं दप्तर हलत नव्हतं.

“कसं झालं?” मी विचारलं.

“काय कसं?”

“जाताना. रस्त्यात काही… मागून कुणी?”

तिला काही आठवेना. तिनं ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं.

“मागं कशाला बघू?” ती म्हणाली. “सायकल चालवली, शाळा आली.”